चिलाकीलेस: तळलेल्या टॉर्टियाचा मेक्सिकन नाश्ता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चिलाकीलेस म्हणजे नेमकं काय?

मक्याचे शिळे टॉर्टिया (पातळ भाकऱ्या) कापून कडक तळायचे, उकळत्या मिरचीच्या साल्सात घोळवायचे आणि वरून क्रेमा (आंबट, पातळ मलई), चुरलेलं चीज आणि कच्चा कांदा घालून लगेच वाढायचे. मेक्सिकोत हा सकाळचा पदार्थ आहे. घरोघरी होतो, बाजारातल्या छोट्या खानावळींत मिळतो आणि मोठ्या हॉटेलांच्या नाश्त्यातही असतो. आदल्या दिवशीचे टॉर्टिया वाया जाऊ नयेत म्हणून तो केला जातो. आपली फोडणीची पोळी त्याच गरजेतून आली. फरक असा, की तिथे शिळेपणा चालवून घेतला जात नाही, तो मुद्दाम हवा असतो. ताज्या टॉर्टियाचे चिलाकीलेस कमी प्रतीचे होतात. का, ते पुढे येईल.

उच्चार कसा करायचा?

चि-ला-की-लेस, जोर ‘की’वर. ‘चिलाक्विलेस’ चूक आहे, कारण स्पॅनिशमध्ये ‘qui’मधला ‘u’ उच्चारत नाहीत. हे अनेकवचन आहे. एकवचन ‘चिलाकील’ असलं तरी पदार्थाचं नाव नेहमी अनेकवचनातच घेतात.

नावाचा अर्थ काय?

नाव नाहुआत्ल भाषेतून आलं आहे. अस्तेक लोकांची ही भाषा मध्य मेक्सिकोत आजही बोलली जाते. टोमॅटो, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो हे शब्दही तिचेच. पहिला भाग ‘चीली’, म्हणजे मिरची, याबद्दल वाद नाही. पुढच्या भागाची फोड दोन प्रकारे करतात. एका मतानुसार त्यात ‘आत शिरणं, आत घालणं’ या अर्थाचं क्रियापद आहे, म्हणजे नावाचा अर्थ ‘मिरचीत घातलेलं’. दुसऱ्या मतानुसार त्यात ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘किलित्ल’ म्हणजे पालेभाजी हे शब्द आहेत. आम्हाला पहिली फोड जास्त पटते, कारण अख्खी कृतीच तिच्यात आहे: टॉर्टिया मिरचीत जातो.

‘टॉर्टिया’ हा शब्द मात्र स्पॅनिश आहे. स्पेनमध्ये टॉर्टिया मागितला तर बटाट्याचं जाड ऑम्लेट पुढ्यात येतं. मक्याच्या भाकरीला नाहुआत्लमध्ये ‘त्लाश्काली’ म्हणतात.

मग हे नाचोजच ना?

नाही. नाचोज १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या गावी इग्नासिओ आनाया यांनी केले. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो, त्यावरून पदार्थाचं नाव पडलं. त्यात चीज वितळवून कोरड्या तुकड्यांवर येतं आणि तुकडा हाताने उचलून खातात. चिलाकीलेस ओले असतात, काट्याने खातात, आणि त्यांतलं चीज वितळत नाही.

टॉर्टिया तळून केलेले पदार्थ बरेच आहेत आणि मेनूकार्डावर त्यांची सरमिसळ होते, म्हणून फरक सांगून ठेवतो. अख्खा टॉर्टिया सपाट आणि कडक तळला की तोस्तादा. त्याचे त्रिकोणी तुकडे तळले की तोतोपो. चिलाकीलेसचा कच्चा माल हाच. (दक्षिणेत तेवांतेपेकच्या भागात तोतोपो म्हणजे मातीच्या भट्टीत भाजलेली, भोकं पाडलेली कडक भाकरी. ती तळत नाहीत.) सारण भरून, गुंडाळून तळला की ताको दोरादो, आणि गुंडाळी लांब असली की फ्लाउता, म्हणजे बासरी. एन्चिलादासाठी टॉर्टिया गरम तेलातून प्रत्येक बाजूला पाच-सात सेकंद फक्त काढतात, कडक होऊ देत नाहीत, मग साल्सात बुडवून सारण भरतात. साल्साऐवजी पातळ केलेलं वाटलेलं राजम्याचं सार असेल तर एन्फ्रिहोलादा, नुसत्या टोमॅटोचा साल्सा असेल तर एन्तोमातादा.

ग्वातेमालात ‘चिलाकिलास’ मिळतात. नावावर जाऊ नका. तिथे चीज भरलेला टॉर्टिया अंड्याच्या फेसात घोळवून तळतात.

कुरकुरीत बरोबर की मऊ?

दोन्ही बरोबर, आणि या वादावर घराघरांत फळ्या पडलेल्या आहेत. एका टोकाला साल्सा ताटात वरून ओततात आणि तुकडे शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. दुसऱ्या टोकाला, विशेषतः ग्वादालाहाराकडे, ते मातीच्या भांड्यात इतका वेळ रटरटतात की दाट लगदा होतो. आमचं मत मधलं आहे: कडा कुरकुरीत, मध्य मऊ आणि चिवट, पण तुकडा काट्याने उचलताना न तुटणारा. खाली दिलेली प्रमाणं त्यासाठी आहेत.

चपातीचे चालतील का? मक्याची भाकरी?

चपातीचे करू नका. गव्हातलं ग्लुटेन साल्सात भिजलं की तुकडा आधी चामट आणि मग बुळबुळीत होतो, शिवाय मक्याचा वास नसतो.

मक्याच्या पिठाच्या भाकरीचं कारण वेगळं आहे. आपल्याकडचं मक्याचं पीठ म्हणजे कोरडा दाणा दळलेला. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. या क्रियेला निश्तामाल करणं म्हणतात. चुन्याने दाण्याची साल सुटते, दाण्यातलं पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं जातं, काही स्टार्च फुलतो, आणि त्यामुळे पिठाला ग्लुटेन नसतानाही चिकटपणा येतो. साध्या मक्याची भाकरी तळली तर कडांना तडकते आणि साल्सात पडताच रवाळ चुरा होतो. निश्तामालचा आणखी एक फायदा फार मोठा आहे: मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळेच शरीराला मिळतं. युरोपने मका नेला पण ही क्रिया नेली नाही, आणि जिथे मकाच मुख्य अन्न झाला तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा रोग पसरला.

मग टॉर्टिया आणायचे कुठून?

अमेरिकेत किंवा युरोपात राहत असाल तर पिवळ्या किंवा पांढऱ्या मक्याचे तयार टॉर्टिया घ्या. घटकांत मका, पाणी आणि चुना एवढंच असलेलं पाकीट सगळ्यांत चांगलं. भारतात ऑनलाइन ‘मासा आरीना’, म्हणजे निश्तामाल मक्याचं सुकं पीठ, मिळतं. पाकीट घेताना ‘मासा’ शब्द बघा. साधं मक्याचं पीठ आणि पांढरं कॉर्नफ्लोअर दोन्ही चालत नाहीत.

२५० ग्रॅम मासा आरीना, अर्धा चमचा मीठ, ३४० ते ३७० मिली कोमट पाणी. मळून ओल्या कापडाखाली २० मिनिटं ठेवा. गोळा दाबला की कडेला भेग पडली तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. १६ गोळे होतात. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून प्रेसने किंवा जड पोळपाटाने सुमारे १५ सेंटिमीटरची चकती होईल असा दाबा. चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर, तेल न लावता, आधी ३० ते ४० सेकंद, उलटून एक मिनिट, पुन्हा उलटून फुगेपर्यंत.

मका घरी चुन्यात शिजवता येईल का?

येईल. एक किलो वाळलेला पांढरा मका (लाह्यांचा किंवा स्वीट कॉर्न नको), तीन लिटर पाणी, १० ग्रॅम चुना. चुना खाद्य दर्जाचाच हवा. रंगकामाचा चुना कधीही वापरू नका. स्टीलच्या भांड्यात करा, अ‍ॅल्युमिनियमच्या नको, कारण चुन्याचं पाणी ते खातं. ३० ते ४५ मिनिटं मंद उकळा. बोटांत चोळल्यावर साल निसटली पण दाण्याचा गाभा पांढरा आणि कडक राहिला की गॅस बंद. झाकून ८ ते १२ तास ठेवा, मग दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा.

अडचण दळण्याची आहे. मेक्सिकोत हे दगडी जात्याच्या गिरणीत ओलंच दळतात. घरच्या मिक्सरला पाणी जास्त घालावं लागतं आणि पीठ सैल होतं. थोडं-थोडं वाटा आणि सैल झालंच तर मासा आरीना मिसळून सावरा.

टॉर्टिया शिळाच का हवा, आणि तळायचा कसा?

ताज्या टॉर्टियात पाणी भरपूर असतं. ते तेलात वाफ होऊन जाताना पोकळ्या होतात आणि तिथे तेल शिरतं. तुकडे तेलकट होतात, शिवाय आत ओल राहिल्याने दोन मिनिटांत मऊ पडतात. रात्रभर उघडा राहिलेला टॉर्टिया अर्धवट सुकलेला असतो, त्यातला स्टार्चही घट्ट बसलेला असतो. ताजाच असेल तर कापून, ताटात एकेरी पसरून पंख्याखाली तीन-चार तास ठेवा, किंवा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं.

चार जणांसाठी १२ टॉर्टिया. प्रत्येकाचे सहा त्रिकोण करा. आठ केले तर तुकडे लहान होऊन लवकर भिजतात. कढईत दोन सेंटिमीटर तेल १७५ ते १८० अंशांवर तापवा. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाका: तो लगेच वर यायला हवा आणि सभोवार बारीक, जोराचे बुडबुडे हवेत. एका वेळी दोन-तीन टॉर्टियांचेच तुकडे टाका, झाऱ्याने हलवत राहा. दोन ते तीन मिनिटं. रंगापेक्षा आवाजावर लक्ष द्या. चुरचुर मंदावली म्हणजे पाणी संपलं. फिकट सोनेरी असतानाच काढा, बाहेर आल्यावर रंग चढतो. गार झालेला तुकडा मोडा: वाकला तर परत तेलात, कट्कन तुटला तर झाला. निथळायला जाळी वापरा. कागदावर ढीग केला तर खालचे तुकडे स्वतःच्याच वाफेने मऊ होतात.

तळायचं नसेल तर?

तुकड्यांना दोन मोठे चमचे तेल चोळून १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर ७ ते ९ मिनिटं. असे तुकडे साल्सात लवकर भिजतात, कारण तळणीतलं तेलाचं अस्तर त्यांना नसतं. म्हणून साल्सा वरून ओता, आत घोळवू नका.

पाकिटातले चिप्स वापरायचे तर जाड, बिनमसाल्याचे आणि शक्यतो बिनमिठाचे घ्या. चीजचा मसाला लावलेले मुळीच नकोत.

हिरवा साल्सा कसा करायचा?

५०० ग्रॅम टोमॅटिलो, दोन-तीन हिरव्या मिरच्या (तिथे सेरानो वापरतात), पाव कांदा, दोन लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट. टोमॅटिलोवरचं कागदासारखं आवरण काढून, चिकटपणा जाईपर्यंत धुवा. मिरच्यांसकट पाण्यात मंद उकळा, ८ ते १० मिनिटं. चकचकीत हिरवा रंग मळकट हिरवा झाला की लगेच काढा. फुटू दिले तर आंबटपणात कडवटपणा मिसळतो. सगळं मिक्सरमध्ये वाटा.

पुढची पायरी लोक गाळतात आणि मग साल्सा कच्चा लागतो. पातेल्यात एक मोठा चमचा तेल चांगलं तापवा आणि वाटण एकदम ओता. ते जोरात तडतडलं पाहिजे. एक कप सूप किंवा पाणी आणि एक छोटा चमचा मीठ घालून आठ-दहा मिनिटं उकळा. मिळाली तर एपासोतेची एक काडी घाला. या रानटी वासाच्या पाल्याला खरा पर्याय नाही. नसेल तर सोडून द्या, ओवा किंवा पुदिना घालून चव भलतीकडे नेऊ नका.

टोमॅटिलो मिळत नाही. काय करू?

टोमॅटिलो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. तो फायसॅलिस वंशातला आहे, आपल्या रसभरीचा नातलग. मध्य मेक्सिकोत त्यालाच ‘तोमाते’ म्हणतात आणि लाल टोमॅटोला ‘हितोमाते’. तिकडची पाककृती वाचताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर हिरवा साल्सा लाल होईल.

भारतात सगळ्यांत जवळचा पर्याय म्हणजे कडक, पूर्ण हिरवे टोमॅटो: ५०० ग्रॅम टोमॅटोला दोन चमचे लिंबाचा रस, तोही गॅस बंद केल्यावर. टोमॅटिलोत पेक्टिन जास्त असल्याने त्याचा साल्सा आपोआप दाट होतो. हिरव्या टोमॅटोचा पातळ राहतो, म्हणून सूप अर्धाच कप घाला. चिंच वापरू नका, रंग आणि चव दोन्ही आमटीकडे जातात.

लाल साल्सा?

सहा गुआहियो मिरच्या, दोन आर्बोल, ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, पाव कांदा, दोन लसूण पाकळ्या. मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. कोरड्या तव्यावर एका बाजूने १५-२० सेकंद, तेवढाच वेळ दुसऱ्या बाजूने. खमंग वास आला की थांबा. काळा डाग पडलेली मिरची फेका, कारण तिचा कडूपणा साखर घालून जात नाही. गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवा. टोमॅटो तव्यावर सालं काळी पडेपर्यंत भाजा. सगळं वाटून गाळून घ्या. गुआहियोचं साल चिवट असतं, गाळलं नाही तर दातांत येतं. मग हिरव्यासारखंच तेलात ओतून एक कप सूपाबरोबर उकळा.

महाराष्ट्रात गुआहियोच्या जागी ब्याडगी चांगली चालते: रंग गडद, तिखटपणा बेताचा. गुआहियोतला फळासारखा आंबूस वास तिला नाही, पण पदार्थ बिघडत नाही. आर्बोलऐवजी एक-दोन लवंगी मिरच्या. मिरची पोर्तुगीजांबरोबर याच पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तिचं मूळ घर मेक्सिकोच्या बाजूचंच, तेव्हा ब्याडगी वापरताना संकोच करू नका.

एकत्र करताना प्रमाण किती?

१२ टॉर्टियांना ६०० ते ६५० मिली साल्सा. दाटपणा असा की चमच्याच्या पाठीवर थर बसेल आणि बोटाने ओढलेली रेघ राहील. पाण्यासारखा असेल तर तुकडे तो शोषून फुगतात. लापशीसारखा असेल तर सगळीकडे लागतच नाही.

पसरट कढईत साल्सा खळखळ उकळू द्या. बाकी सगळी तयारी, ताटं आणि माणसं बसवण्यासकट, याआधी झालेली हवी. गॅस बंद करा, सगळे तुकडे एकदम टाका, दोन कालथ्यांनी खालून वर उचलत ३० ते ४० सेकंद घोळवा आणि लगेच वाढा. साल्सा कोमट असेल तर घोळवायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तुकडे भिजतात. मऊ हवे असतील तर मंद आचेवर झाकून तीन-चार मिनिटं ठेवा.

माझे चिलाकीलेस लगदा होतात. का?

बहुतेक वेळा तुकडे पुरते तळलेले नसतात. त्यानंतरचं कारण म्हणजे ते ताटात वाट बघत बसतात. पाच-सात मिनिटांत संपवायचा पदार्थ आहे. आठ जणांचं एकदम करू नका, दोन खेपांत करा. पातळ चिप्स आणि पातळ साल्सा ही उरलेली दोन कारणं.

तेलकट झाले तर तेल थंड होतं किंवा कढईत गर्दी होती. खारट झाले तर चिप्स, चीज आणि साल्सा तिन्हींत मीठ होतं. साल्सा मुद्दाम किंचित अळणी ठेवा.

वरून काय घालायचं?

क्रेमा, केसो फ्रेस्को आणि पांढऱ्या कांद्याच्या पातळ चकत्या एवढं असलंच पाहिजे. क्रेमा आंबट आणि ओतता येईल इतकी पातळ असते: २०० मिली फ्रेश क्रीममध्ये दोन मोठे चमचे आंबट दही आणि चिमूटभर मीठ घालून तासभर बाहेर ठेवा. केसो फ्रेस्कोऐवजी हाताने चुरलेलं पनीर, मीठ आणि लिंबाचे थेंब लावून. मोझरेला घालू नका. तार सुटणारं चीज तुकड्यांना एकत्र चिकटवतं.

यावर तळलेलं अंडं, उकडून सोडवलेलं चिकन किंवा सेसिना म्हणजे खारवलेलं पातळ मांस, आणि शेजारी वाटून परतलेल्या राजम्याचा गोळा. अर्धं ताट हिरवं आणि अर्धं लाल केलं की त्याला ‘दिवोर्सियादोस’ म्हणतात, म्हणजे घटस्फोट झालेले.

शाकाहारी असतात का?

घरी सहज करता येतात. मेक्सिकोत बाहेर खाताना दोन गोष्टी विचारा: साल्सात चिकनचं सूप आहे का (‘काल्दो दे पोयो’), आणि राजमा डुकराच्या चरबीत परतला आहे का (‘मांतेका’). ताटात मांस दिसलं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं तिथे गृहीत धरू नका.

हा पदार्थ किती जुना आहे?

टॉर्टिया आणि मिरची ही जोडी स्पॅनिश येण्याच्या खूप आधीची. तळणी, क्रेमा आणि चीज त्यांच्यानंतरचं. छापील कृतींमध्ये एनकार्नासिओन पिनेदो यांनी १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्पॅनिशमधून प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात चिलाकीलेस आहेत.

कधी खातात?

रोजच्या न्याहारीला. शिवाय रात्रभर चाललेल्या लग्नाच्या शेवटी, पहाटे, उरलेल्या पाहुण्यांना गरम चिलाकीलेस वाढायची पद्धत आहे. दारू उतरवायला ते उत्तम, असंही मानतात. मेक्सिको सिटीत ते पावात भरूनही खातात. बोलियो नावाचा कडक सालीचा पाव, आत चिलाकीलेस आणि बहुधा चिकनचा मिलानेसा (पावाचा चुरा लावून तळलेला पातळ तुकडा). कोंदेसा भागात आल्फोन्सो रेयेस आणि तामाउलिपास या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची टपरी त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि सकाळी तिथे रांग असते. पावात भरायचे चिलाकीलेस कमी ओले ठेवतात, नाहीतर खालची साल फाटते.

उरले तर?

घोळवलेले उरवू नका. दुसऱ्या दिवशी ते ओव्हनमध्ये चीज घालून भाजता येतात, पण तो वेगळा पदार्थ. सुटं ठेवा: तळलेले तुकडे हवाबंद डब्यात आठवडाभर, साल्सा फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. फ्रीझरमधला साल्सा वितळल्यावर पाणी सोडतो, म्हणून परत उकळून आटवा. थोडाच उरला असेल तर त्यात दोन अंडी फोडून झाकण ठेवा, चार मिनिटांत न्याहारी होते.